सगळ्यात भारी आवाज असलेली एडिसनची डिस्क लोकांनी का नाकारली?

स्टेजवर एक गायिका उभी आहे. शेजारी छोट्या कपाटाएवढं एक लाकडी यंत्र. गायिका गायला लागते. मध्येच ती गप्प होते, पण गाणं थांबत नाही, कारण तिच्याच आवाजात आता ते यंत्र गातंय. थोड्या वेळाने ती पुन्हा सूर धरते. मग थिएटरमधले दिवे जातात. अंधारात गाणं चालूच असतं. दिवे परत येतात तेव्हा स्टेजवर फक्त यंत्र उरलेलं असतं. गायिका कधीच विंगेत निघून गेलेली असते.

1915 पासून पुढची दहाएक वर्षं अमेरिकेत असे हजारो कार्यक्रम झाले. त्यांना टोन टेस्ट म्हणायचे. ते भरवणारी कंपनी होती थॉमस अल्वा एडिसनची. हो, तोच बल्बवाला एडिसन. आणि विकायची वस्तू होती डायमंड डिस्क, म्हणजे त्या काळातली हाय-रेझोल्यूशन डिस्कच समजा.

ही डिस्क प्रतिस्पर्ध्यांच्या तबकड्यांपेक्षा खरोखरच चांगली वाजायची, हे जुन्या रेकॉर्डचे अभ्यासक आजही मान्य करतात. तरीही 1929 मध्ये एडिसनच्या कंपनीने हा धंदा कायमचा बंद केला.

आज लॉसलेस, हाय-रेझ, एसएसीडी असे शब्द कानावर पडले की संगीताचे दर्दी लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो फरक जाणवतो, दुसरा म्हणतो हा सगळा पैसे काढायचा धंदा. हा वाद नवीन वाटतो, पण तो शंभर वर्षांपूर्वीही रंगला होता. आणि गंमत म्हणजे त्या वादाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस होता. आधी नव्या डिस्कवर शंका घेणारा, आणि नंतर स्वतःची नवी डिस्क लोकांच्या गळी उतरवू पाहणारा.

कमी ऐकू येणारा मुलगा

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला आलं. शाळेत तो फार टिकला नाही. आई नॅन्सी आधी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवलं. बाराव्या वर्षी तो रेल्वेगाडीत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला.

याच वयात त्याला कमी ऐकू यायला लागलं. त्याची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. आजारपण म्हणा, कानाचा संसर्ग म्हणा, किंवा कोणीतरी कान धरून गाडीत ओढून घेतल्याचा किस्सा म्हणा. कारण काहीही असो, वय वाढत गेलं तसं ऐकू येणं कमी होत गेलं.

हा तपशील लक्षात ठेवा. कारण जगाला पहिल्यांदा साठवलेला आवाज ऐकवणारा माणूस आणि पुढे कोणाचा आवाज रेकॉर्ड करायचा हे ठरवणारा माणूस जवळजवळ बहिरा होता.

तरुणपणी तो तार खात्यात ऑपरेटर झाला. तारेची टिकटिक त्याला ऐकू यायची. तारयंत्रातच सुधारणा करत तो संशोधक बनला. 1876 मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

1877: बोललेलं परत ऐकू आलं

तार आणि टेलिफोनवर काम करताना एडिसनच्या डोक्यात एक कल्पना आली. आवाजाने पातळ पडदा थरथरतो. त्या पडद्याला टोकदार सुई जोडली आणि सुईखाली मऊ पत्रा फिरवला, तर त्यावर थरथरीची खूण उमटेल. मग तीच सुई त्याच खुणेवरून पुन्हा फिरवली तर पडदा तसाच थरथरेल आणि आवाज परत येईल.

त्याचा कारागीर जॉन क्रुसी याने डिसेंबर 1877 मध्ये हे यंत्र बनवून दिलं. हाताने फिरवायचा एक दंडगोल आणि त्यावर गुंडाळलेला कथलाचा पातळ पत्रा. एडिसनने त्यात लहान मुलांचं एक गाणं म्हटलं, सुई मागे घेतली, हँडल फिरवलं. यंत्र बोललं.

काही दिवसांतच तो हे यंत्र घेऊन न्यूयॉर्कमध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकाच्या कचेरीत गेला. बातमी वाऱ्यासारखी पसरली. फेब्रुवारी 1878 मध्ये पेटंट मिळालं आणि एप्रिलमध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हेस यांना यंत्र ऐकवून झालं. एडिसन तेव्हा अवघा 31 वर्षांचा होता.

गाणी? ती यादीत चौथी

या यंत्राचं करायचं काय, हे मात्र स्पष्ट नव्हतं. 1878 मध्ये एडिसनने एका लेखात त्याच्या उपयोगांची यादी दिली. पहिला उपयोग पत्रं सांगून लिहून घेण्याचा. दुसरा अंध लोकांसाठी बोलती पुस्तकं. तिसरा वक्तृत्व शिकवण्याचा. संगीत चौथ्या नंबरवर होतं.

कथलाचा पत्रा चार-पाच वेळा वाजवला की संपायचा. एडिसन मग विजेच्या दिव्याकडे वळला आणि फोनोग्राफ जवळजवळ दहा वर्षं बाजूला पडला. तेवढ्यात इतरांनी पत्र्याऐवजी मेण वापरून यंत्र सुधारलं. ते पाहून एडिसन पुन्हा मैदानात उतरला आणि 1888 मध्ये त्याने मेणाच्या सिलिंडरवर चालणारा सुधारित फोनोग्राफ आणला. त्याच्या डोक्यात ग्राहक म्हणून अजूनही ऑफिसातले साहेब लोकच होते.

लोकांनी मात्र वेगळंच ठरवलं. 1889 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बारमध्ये नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ बसवण्यात आला. लोक नाणी टाकून गाणी ऐकायला लागले. कोणता शोध कशासाठी वापरायचा हे ग्राहक ठरवतो, याचा हा एडिसनला मिळालेला पहिला धडा. शेवटचा नव्हता.

सपाट तबकडी आली

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये एमिल बर्लिनर नावाचा एक माणूस वेगळ्या वाटेने चालला होता. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून अमेरिकेत आलेल्या बर्लिनरने 1887 मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याने दंडगोल टाकून दिला आणि सपाट तबकडी घेतली.

यात दोन फरक होते. एडिसनच्या सिलिंडरवर सुई खाली-वर होत चर कोरायची. बर्लिनरच्या तबकडीवर ती डावीकडे-उजवीकडे नागमोडी जायची. दुसरा फरक धंद्याच्या दृष्टीने फार मोठा होता. तबकडीचा एक धातूचा साचा केला की त्यावरून ठसे मारल्यासारख्या हव्या तेवढ्या प्रती काढता यायच्या.

सिलिंडरचं तसं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा गावं लागायचं, कारण एका गाण्यातून मोजकेच सिलिंडर निघायचे. साच्यातून सिलिंडर ओतायची पद्धत एडिसनच्या कारखान्यात 1902 मध्ये सुरू झाली. तोपर्यंत तबकडी बरीच पुढे गेली होती. 1901 मध्ये अमेरिकेत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी उभी राहिली आणि डिस्कचा खरा जमाना सुरू झाला.

एडिसनला डिस्क का पटत नव्हती?

इथे एडिसन हा आजच्या ऑडिओफाइल लोकांच्या गटात बसतो. त्याला डिस्कचा आवाज आवडत नव्हता, आणि त्याचं कारण पक्कं भौतिकशास्त्राचं होतं.

सिलिंडरवर चर सगळीकडे सारख्याच लांबीच्या वेटोळ्यात असतो. त्यामुळे सुईखालून तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने सरकतो. तबकडीचं तसं नाही. बाहेरच्या कडेला वेटोळं मोठं, आत जावं तसं लहान. तबकडी एका मिनिटात तेवढेच फेरे घेते, पण मध्याजवळ पोचेपर्यंत सुईखालून सरकणाऱ्या चराचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा. त्यामुळे गाण्याच्या शेवटाकडे आवाज बिघडायला लागतो.

ही अडचण खोटी नव्हती. आज घरी विनाइल रेकॉर्ड वाजवणारे लोकसुद्धा प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याबद्दल हीच तक्रार करतात.

पण ग्राहकाला वेगळे हिशेब दिसत होते. तबकड्या पुस्तकांसारख्या कपाटात उभ्या लावता यायच्या. सिलिंडरना खोकी लागायची आणि खोक्यांना जागा. पुढे तबकडीच्या दोन्ही बाजूंना गाणी यायला लागली. सिलिंडरला दुसरी बाजूच नव्हती. त्याचं गाणं आधी दोन मिनिटांचं होतं, 1908 मध्ये एडिसनने ते चार मिनिटांवर नेलं. तरीही गिऱ्हाईक डिस्ककडेच सरकत राहिलं.

एचएमव्हीचा कुत्रा आधी कोणाचा होता?

इथे आपल्या ओळखीची एक गोष्ट येते. एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा, भोंग्यापुढे मान वाकडी करून बसलेला कुत्रा महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी पाहिलाय. बालगंधर्वांची नाट्यगीतं घराघरात पोचली ती अशाच तबकड्यांवरून.

तो कुत्रा म्हणजे निपर. इंग्लंडमधला चित्रकार फ्रान्सिस बॅरो याने त्याचं चित्र काढलं. पण मूळ चित्रात निपरसमोर ग्रामोफोन नव्हता, एडिसन पद्धतीचा सिलिंडरचा फोनोग्राफ होता. बॅरोने हे चित्र आधी एडिसन बेल या फोनोग्राफ विकणाऱ्या कंपनीला देऊ केलं. तिने ते घेतलं नाही. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतलं, एका अटीवर. सिलिंडरचं यंत्र खोडून तिथे तबकडीचा ग्रामोफोन रंगवायचा. बॅरोने तसं केलं. रंगाखाली जुन्या फोनोग्राफच्या खुणा तशाच राहिल्या.

त्याच ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग 1902 मध्ये कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला. भारतात घेतलेली ही गाणी छापायला तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला जायची. 1908 मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू झाला. मराठीतही आपण त्या यंत्राला ग्रामोफोन म्हणायला लागलो. फोनोग्राफ हा शब्द आपल्याकडे बहुतेक पुस्तकांतच राहिला.

मग हिरा आला

शेवटी एडिसनला डिस्क बनवावीच लागली. पण तो दुसऱ्याची नक्कल करणारा माणूस नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या डिस्कमधले दोष काढून मगच आपली डिस्क आणायची, असं त्याने ठरवलं. 1912-13 मध्ये डायमंड डिस्क बाजारात आली.

तिचा थाटच वेगळा होता. जाडी जवळपास पाव इंच, वजन पाव किलोहून जास्त. मिनिटाला 80 फेरे. व्हिक्टरच्या यंत्रात स्टीलची पिन असायची आणि ती दर गाण्याला बदलावी लागायची. एडिसनच्या यंत्रात हिऱ्याची सुई होती, बदलायची भानगडच नाही. चर इतके बारीक की एका बाजूला चार मिनिटांहून जास्त गाणं मावायचं. व्हिक्टरच्या यंत्रात सुई आणि भोंग्याकडे जाणारी नळी चराच्या ओढीने पुढे सरकायची. एडिसनने त्यासाठी वेगळा स्क्रू बसवला, म्हणजे चरावर ताण कमी आणि आवाज स्वच्छ.

आता अडचण काय होती? एडिसनची सुई अजूनही खाली-वर जाणाऱ्या चरावर चालायची. म्हणजे डायमंड डिस्क व्हिक्टरच्या यंत्रावर नीट वाजायची नाही, आणि व्हिक्टरची तबकडी एडिसनच्या यंत्रावर चालायची नाही. ज्याच्या घरी आधीच व्हिक्टरच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याने काय करायचं? एडिसनचा आवाज ऐकायचा तर नवं यंत्र घ्या आणि सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून विकत घ्या.

त्यात 1914 चं महायुद्ध आलं. डिस्कवरच्या थराला फिनॉल लागायचं आणि ते युरोपातून यायचं. पुरवठा बंद झाला. एडिसनने हट्टाने स्वतःचा फिनॉलचा कारखाना उभा केला. त्याच डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंजच्या त्याच्या कारखान्याला मोठी आग लागली. तो त्यातूनही उभा राहिला. पण युद्धाच्या काळातल्या डिस्कचा पृष्ठभाग खराब निघायला लागला आणि गाण्याबरोबर खरखर ऐकू यायला लागली. ज्या डिस्कचं सगळं भांडवल स्वच्छ आवाज हेच होतं, तिच्यासाठी हे फार महागात पडलं.

आणखी एक गंमत. 1914-15 पासून एडिसनचे नवे सिलिंडर थेट गायकाकडून रेकॉर्ड होणं जवळजवळ थांबलं. डायमंड डिस्क वाजवायची आणि तिचा आवाज सिलिंडरवर उतरवायचा, असं काम सुरू झालं. ज्या सिलिंडरसाठी त्याने इतकी वर्षं डिस्कला विरोध केला, तोच आता डिस्कची कॉपी झाला.

टोन टेस्टमध्ये नेमकं काय व्हायचं?

लोकांना शंका होती, आणि ती रास्त होती. प्रत्येक कंपनी आपला आवाज खरा असल्याचं सांगत होती. मग एडिसनच्या कंपनीने टोन टेस्टची कल्पना काढली. खरी गायिका आणि तिची डिस्क शेजारी ठेवा, ज्याला फरक कळेल त्याने हात वर करावा.

1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेला घेऊन असा मोठा कार्यक्रम झाला. ॲना केस ही दुसरी गायिका तर या कार्यक्रमांचा चेहराच बनली. लहानमोठ्या गावांमध्ये हे दौरे चालले. पेपरांत बातम्या आल्या की फरक ओळखता येत नाही.

आता विचार करा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका भोंग्यात गायचा आणि त्या जोरावर सुई चर कोरायची. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू शकतो. भोंग्यातून रेकॉर्ड व्हायचा तो त्यातला एक छोटा तुकडा. खालचा घुमारा नाही, वरची चमक नाही. मग हजारो लोक फसले कसे?

उत्तर गायिकेकडे होतं. खूप वर्षांनी म्हातारपणी ॲना केसनेच सांगितलं की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घ्यायची, यंत्रापेक्षा मोठ्याने गायची नाही. म्हणजे यंत्र माणसासारखं गात होतं त्यापेक्षा माणूस यंत्रासारखं गात होता. गाणी निवडलेली असायची, गायिका निवडलेली असायची, अंधार कधी करायचा तेही ठरलेलं असायचं. शिवाय लोक काय ऐकायचंय हे मनाशी धरूनच आलेले असायचे.

याला लबाडी म्हणायचं का? डिस्क तिच्या काळात चांगली होती, हे खरंच होतं. पण परीक्षा घेणारा आणि माल विकणारा एकच असेल, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कंपनी एवढ्यावर थांबली नाही. वॉल्टर व्हॅन डाइक बिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाला हाताशी धरून कोणत्या गाण्याने मूड कसा बदलतो याचा अभ्यास केला गेला. ग्राहकांकडून तक्ते भरून घेतले गेले आणि 1921 मध्ये मूडनुसार डिस्क सुचवणारी पुस्तिका निघाली. आज ॲपवर पावसाळी, उदास, वर्कआउट अशा प्लेलिस्ट दिसतात ना? तोच प्रकार, शंभर वर्षांपूर्वीचा.

लोकांना गायक हवे होते

डायमंड डिस्क खरी हरली ती इथे. व्हिक्टरकडे एनरिको कारुसो होता, त्या काळातला ऑपेराचा सगळ्यात मोठा तारा. लोक दुकानात जाऊन कारुसो मागायचे. आवाज कोणत्या दिशेच्या चरातून येतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

एडिसनचं मत उलटं होतं. गायकाच्या नावाला आणि नखऱ्याला पैसे का मोजायचे? आवाज उत्तम असेल तर नाव कशाला? सुरुवातीच्या डायमंड डिस्कवर तर गायकाचं नावसुद्धा छापलेलं नसायचं.

आणि गायक निवडायचा कोण? स्वतः एडिसन. साठी ओलांडलेला, जवळजवळ बहिरा माणूस. नीट ऐकू यावं म्हणून तो फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडात दात रुतवायचा, म्हणजे कंप हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोचायचा. त्याला वाटायचं की त्यामुळे आपल्याला इतरांपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. गळ्यातलं कंपन त्याला अजिबात खपायचं नाही. भल्याभल्या गायकांबद्दल त्याने वह्यांमध्ये कडक शेरे मारून ठेवलेत. जॅझ त्याला आवडत नव्हतं आणि 1920 च्या दशकातल्या तरुणांना तर तेच हवं होतं. रशियन पियानोवादक रचमानिनॉफने 1919 मध्ये एडिसनसाठी रेकॉर्डिंग केलं आणि लगेच पुढच्या वर्षी तो व्हिक्टरकडे गेला.

थोडक्यात, यंत्र उत्तम आणि त्यावर वाजवायला हवं ते नाही, अशी स्थिती झाली.

शेवटचा डाव

1925 मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी मायक्रोफोन वापरून विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं. भोंग्याचे दिवस संपले. घरात फुकटात वाजणारा रेडिओही आला होता. एडिसनला मात्र विजेवरच्या रेकॉर्डिंगचा आवाज पटला नाही. विजेचा दिवा घराघरात नेणाऱ्या माणसाची कंपनी विजेवरच्या रेकॉर्डिंगला 1927 पर्यंत थांबली.

1926 मध्ये कंपनीने एक जबरदस्त गोष्ट करून पाहिली. चर आणखी बारीक करून दोन्ही बाजूंना मिळून 40 मिनिटांपर्यंत वाजणारी डिस्क आणली. कोलंबियाचा प्रसिद्ध एलपी 1948 मध्ये आला, म्हणजे ही त्याच्या 22 वर्षं आधीची. पण आवाज बारीक यायचा, चरांच्या भिंती तुटायच्या, सुई उडी मारायची. तीही चालली नाही.

1929 च्या उन्हाळ्यात एडिसनच्या कंपनीने शेवटी हार मानली आणि व्हिक्टरच्या पद्धतीच्या, कोणत्याही ग्रामोफोनवर वाजतील अशा तबकड्या काढल्या. उशीर झाला होता. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस करमणुकीच्या रेकॉर्डचा धंदा बंद झाला. सिलिंडरही त्याच वर्षी संपला. दोन वर्षांनी, 18 ऑक्टोबर 1931 ला एडिसन वारला. त्याला आदरांजली म्हणून अमेरिकेत लोकांनी थोडा वेळ दिवे मालवले. त्याच्या नावावर 1,093 अमेरिकन पेटंट होती.

मग आजच्या हाय-रेझ डिस्कचं काय?

आता आपल्या काळात येऊ. 1982 मध्ये सीडी आली. ती एका सेकंदात आवाजाचे 44,100 नमुने घेते, आणि त्यातून सुमारे 22,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज टिपता येतो. म्हणजे माणसाच्या कानाला पुरून उरेल इतका. तरीही 1999 मध्ये सोनी आणि फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडी म्हणजे एसएसीडी आणली, आणि 2000 मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींचा दावा एकच, आवाज सीडीपेक्षा भारी.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दोन्ही फॉरमॅट एकमेकांच्या यंत्रावर चालायचे नाहीत. नवा प्लेअर घ्या, आवडते अल्बम पुन्हा विकत घ्या. अनेक एसएसीडी साध्या सीडी प्लेअरवरही वाजतील अशा काढल्या गेल्या, एवढं शहाणपण मात्र एडिसनपेक्षा जास्त दाखवलं. पण 2001 मध्ये आयपॉड आला आणि लोकांनी आवाजाचा दर्जा थोडा सोडून हजार गाणी खिशात ठेवणं पसंत केलं.

फरक कळतो का, याच्याही परीक्षा झाल्या, आणि यावेळी अंधार गायिकेला लपवण्यासाठी नव्हता. यात ऐकणाऱ्याला कोणता आवाज कोणता हे सांगत नाहीत आणि दोन्हींचा व्हॉल्यूम काटेकोर सारखा ठेवतात, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. 2007 मध्ये बोस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी एसएसीडीचा आवाज थेट, आणि तोच आवाज सीडीच्या दर्जातून काढून, असे दोन्ही प्रकार ऐकवले. 554 वेळा झालेल्या या चाचण्यांत बरोबर उत्तरं साधारण निम्मीच आली. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. 2016 मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी 18 अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले, तर बरोबर उत्तरांचं प्रमाण 52 टक्क्यांच्या आसपास निघालं. सराव दिलेल्या लोकांमध्ये ते थोडं जास्त होतं. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे.

पण मेयर आणि मोरान यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. एसएसीडीवरचे अनेक अल्बम खरोखरच जास्त छान वाटत होते, कारण ते जास्त काळजीने तयार केलेले होते. श्रेय डिस्कचं नव्हतं, डिस्कसाठी मेहनत घेणाऱ्या इंजिनिअरचं होतं. त्यामुळे घरी नवी डिस्क लावून फरक जाणवला म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फक्त तो फरक कुठून आला, याचं उत्तर तो बॉक्सवरच्या आकड्यांत शोधत असतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी नवा फॉरमॅट, नवा प्लॅन किंवा महागडं यंत्र घेऊन आलं की तीन प्रश्न विचारायचे. ही चाचणी कोणी घेतली, विकणाऱ्याने की बाहेरच्याने? माझ्याकडे आहे त्यावर हे चालेल का? आणि मला ऐकायचंय ते यात आहे का? डायमंड डिस्कला यातल्या एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही.

एडिसनची वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा आज राष्ट्रीय स्मारक आहे. डायमंड डिस्कवरची बरीच गाणी आता डिजिटल झाली असून इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. हिऱ्याची सुई नको, पाव इंच जाडीची डिस्क नको, साध्या मोबाईलवर वाजतात. शोधायची असतील तर सर्चमध्ये ॲना केस असं टाका. गायिकेचं नाव टाकलं की लगेच सापडतात.